बावीस पिशव्यांची राखण

कुणाच्याही घरात शिरले की लादीआजोबा आधी फ्रिजकडे बघायचे. माणसांकडे नंतर. दार नीट बसलंय का, रबर फाटलंय का, वर कुणी गरम पातेलं ठेवलंय का, हे सगळं उंबऱ्यातूनच पाहून झालं की मग विचारायचे, "काय गो, बरी आसस?"

आमच्या चाळीत, लालबागहून चिंचपोकळी स्टेशनकडे जाताना लागणाऱ्या गल्लीत, त्यांचं खरं नाव फक्त पोस्टमनला माहीत होतं. कॉटन ग्रीनच्या बाजूला बर्फाचा एक कारखाना होता. तिथे त्यांनी तीसेक वर्षं लाद्या ओढल्या. माणसाच्या कमरेएवढी बर्फाची लादी आकड्याने ओढायची, गोणपाटात गुंडाळायची, भुशात पुरायची आणि गाडीवर चढवायची. म्हणून लादीआजोबा. कारखाना बंद पडला, त्या जागी काचेची इमारत आली, पण नाव राहिलं.

ते मे महिन्यातही गळ्याला मफलर गुंडाळायचे. स्वतःच्या घरात फ्रिज नव्हता. मडक्यातलं पाणी प्यायचे, तेही दुपारी उन्हात ठेवून जरा कोमट करून. "थंडी माका पुरे झाली," म्हणायचे. पण दुसऱ्याच्या घरातली थंडी ही जणू त्यांची जबाबदारी होती. कुणी फ्रिजचं दार उघडून आत बघत, काय घ्यावं याचा विचार करत उभं राहिलं की काठीचं टोक पोटरीवर बसायचं. "आधी ठरव. मग उघड." चाळीतली पोरं फ्रिजसमोर डोळे मिटून उभी राहायची, काय हवंय ते मनात पक्कं करायची आणि मग झटकन दार उघडून झटकन लावायची. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना वाटायचं, ही पोरं फ्रिजला नमस्कार करतात.

एकदा आमच्या मजल्यावरच्या एका मुलीचा साखरपुडा होता. जेवणानंतर कुल्फी आली. आजोबांनी एक चमचा तोंडात घेतला, जिभेवर घोळवला आणि भर पंगतीत जाहीर केलं की ही एकदा वितळलेली आहे आणि पुन्हा गोठवलेली आहे, दाताखाली खडे लागतायत बघा. मुलाकडच्या काकांचा चेहरा कुल्फीपेक्षा लवकर उतरला, कारण कुल्फी त्यांनी आणली होती. कुणी खाल्ली नाही. दुसऱ्या दिवशी मुलीच्या आईने आजोबांना गॅलरीत गाठून ऐकवलं की बघा, कुणालाही काही झालं नाही. ते म्हणाले, "होतला कसा? खाल्लीच नाय कोणी." लग्न मात्र झालं, आणि सगळ्यात पहिली पत्रिका आजोबांना आली.

त्यांची एक सवय माझ्या फार उशिरा लक्षात आली. ते तान्ह्या मुलाला कधी हात लावत नसत. बारशाला यायचे, दारात उभे राहायचे, टोपडं-झबलं आईच्या हातात द्यायचे आणि हात मफलरच्या टोकांत खुपसून पाळण्याकडे बघत राहायचे. कुणी मूल पुढे केलं तर एक पाऊल मागे. "माझे हात थंड," एवढंच म्हणायचे. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याचा विक्षिप्तपणा. मलाही तेच वाटायचं.

आता माझ्याविषयी थोडं सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त होती. माझे बाबा गिरणीत होते आणि युनियनचं लिखाण करायचे. आई बायकांच्या संघटनेत होती. पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे सुतळीने बांधून ठेवलेले असत आणि मी वाचायला शिकले ती त्यांच्या मथळ्यांवर. त्यामुळे माझी भाषाच तशी झाली. शाळेत पाण्याचा नळ बिघडला तेव्हा मुख्याध्यापिकांना मी जे पत्र लिहिलं, त्याची सुरुवात 'आम्ही खाली सही करणारे' अशी होती आणि सही करणारी मी एकटी होते.

बाबा गेले. मी मोठी झाले. स्वतःची पत्रकं लिहू लागले. बाळंतिणींच्या वॉर्डात जाऊन डब्याच्या दुधाचे फुकट नमुने वाटणाऱ्या कंपन्यांविरुद्ध मी एक पत्रक लिहिलं होतं. लग्नाच्या आधी. परळच्या हॉस्पिटलांच्या फाटकांवर उन्हात उभं राहून आम्ही मैत्रिणींनी ते वाटलं. त्याचा एक आख्खा गठ्ठा उरला. त्यातलं शेवटचं वाक्य मला फार आवडायचं: 'आईच्या दुधाला पर्याय नाही आणि आम्ही तो स्वीकारणार नाही.' तेव्हा मला मूल नव्हतं. अशी वाक्यं लिहायला तेव्हा काही किंमत मोजावी लागत नव्हती.

मग माझी मुलगी आली, ठरल्या दिवसाच्या दोन महिने आधी. सव्वा किलो. तिला परळच्या एका हॉस्पिटलात काचेच्या पेटीत ठेवलं. नाकातून एक बारीक नळी, आणि त्या नळीतून दर दोन तासांनी चमचा-चमचा दूध. डॉक्टर म्हणाले, इतक्या लहान बाळाच्या आतड्याला आईचं दूधच सोसतं, जेवढं काढता येईल तेवढं काढा. ती चमचाभर प्यायची आणि मला वाटीभर यायचं. उरलेलं मी छोट्या पिशव्यांत भरून, तारीख लिहून माहेरी, आईच्या फ्रीझरमध्ये ठेवायचे. तिला उचलता येत नव्हतं, पाजता येत नव्हतं. एवढंच एक काम माझ्या हातात होतं.

शेजारच्या रेखाकाकूंना ते पटायचं नाही. "बाईचं दूध काय, कोळंबी आहे का फ्रिजात ठेवायला?" असं त्या आईला म्हणाल्याचं मला कळलं होतं. लादीआजोबांना मात्र एका शब्दात कळलं. आईने संकोचत सांगितलं की फ्रीझरमध्ये असं असं ठेवलंय. ते लाजले, नजर खाली घातली आणि म्हणाले, "म्हणजे माल आसा." त्या दिवसापासून दूध हा शब्द त्यांनी एकदाही उच्चारला नाही. माल म्हणायचे. कारखान्यात थंडीत ठेवलेली प्रत्येक गोष्ट माल असायची, पापलेट असो की औषधं.

दुसऱ्याच दिवशी ते आमच्याकडे आले, काठी दाराशी टेकवली आणि फ्रीझर अर्धा रिकामा आहे हे बघून आईला रागावले. रिकाम्या जागेत नुसती हवा असते आणि दार उघडलं की ती पहिली पळते. त्यांनी चाळीभरातून रिकाम्या बाटल्या जमवल्या, प्रत्येकीत पाऊण भाग पाणी भरायला लावलं आणि दोन दिवसांत फ्रीझर खच्चून भरवला. पिशव्या मधोमध, बाटल्या भोवती. आमच्या बर्फाच्या ट्रेला जागा उरली नाही. आई म्हणाली, "फ्रिज माझा, नियम यांचे." पण नियम पाळले. दिवसातून दोनदाच उघडायचा. सकाळी आणि संध्याकाळी.

त्यावर त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "थंडी बनवूक मशीन लागता, राखूक माणूस लागता."

तिसऱ्या आठवड्यात मला ताप आला. उतरेना. ताप असलेल्या आईला त्या काचेच्या खोलीत घेत नाहीत. मी घरी पडून राहिले आणि दूध एकदम आटलं. पंप लावून अर्धा तास बसलं तरी तळ झाकेल इतकंही येईना. माझा नवरा हॉस्पिटलच्या बाकावर बसून असायचा आणि रोज सकाळी येऊन फ्रीझरमधल्या तीन पिशव्या घेऊन जायचा. हॉस्पिटलच्या फ्रिजात एका बाळाला एक खण, त्यात एका दिवसाचंच मावायचं. बाकीचा साठा आमच्याकडे. बावीस पिशव्या. जेमतेम आठवडाभराचं तिचं जेवण, आणि तोवर माझा ताप उतरून पुन्हा दूध येईल ही आशा.

आणि शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला वीज गेली.

इथे एक गोष्ट सांगते, बाहेरच्यांना ती खरी वाटणार नाही. आमच्या भागात वीज जात नाही. गावाला जाते, ठाण्याच्या पलीकडे जाते, आमच्याकडे नाही. याचा आम्हाला माज आहे. इन्व्हर्टर कुणाकडे नाही, मेणबत्ती केकपुरती. त्यामुळे वीज गेली तेव्हा सगळी चाळ गॅलरीत येऊन हसत उभी राहिली, सुट्टी मिळाल्यासारखी. पंधरा मिनिटांत येईल. अर्ध्या तासात येईल. मग कुणीतरी बातमी आणली की नाक्यावर पावसाळ्याआधीचं रस्त्याचं खोदकाम चालू आहे, तिथे यंत्राचा दात मुख्य केबलमध्ये घुसला आणि आख्खी गल्ली बंद पडली.

सगळ्यांना एकदम माझं दूध आठवलं.

ही चाळीची माया आणि हीच चाळीची चूक. एकेक जण काळजीने आमच्या घरात येऊ लागला आणि प्रत्येकजण काय करायचा, तर फ्रीझर उघडून पिशवीला बोट लावून बघायचा. अजून कडक आहे हो, घाबरू नकोस. मी पलंगावर तापात पडले होते. पहिल्यांदा उघडला तेव्हा बरं वाटलं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा रेखाकाकूंनी उघडला. ज्यांना ते पटत नव्हतं त्याच काकू उन्हातून मच्छीबाजारात जाऊन पिशवीभर फोडलेला बर्फ घेऊन आल्या होत्या आणि पदराने घाम पुसत तो फ्रीझरमध्ये कोंबायला निघाल्या होत्या.

तेवढ्यात काठीचा आवाज आला. इतका जोरात की काकूंच्या हातून बर्फ खाली पडला.

"दार लाव," लादीआजोबा म्हणाले.

काकूंनी लावलं. "अहो बर्फ घालतेय, वाईट काय करतेय?"

"ह्यो बर्फ गरम आसा."

सगळे हसले. मीसुद्धा हसले. त्या माणसाने तीस वर्षं लाद्या ओढल्या आणि शेवटी डोक्यावर परिणाम झाला, असं कुणीतरी गॅलरीत हळूच म्हटलं. ते चिडले नाहीत. जिन्याच्या पायऱ्या दाखवत त्यांनी समजावलं. पाणी गोठतं ती ही पायरी. मच्छीबाजारातला वितळणारा बर्फ याच पायरीवर बसलेला असतो, त्याच्या खाली जात नाही. आणि आपला माल फ्रीझरमध्ये अठरा पायऱ्या खाली उतरून बसलाय. वरच्या पायरीवरचा बर्फ त्याच्या अंगाला लावलात तर बर्फ गोठणार नाही, उलट माल वर चढेल.

मग त्यांनी मफलर घट्ट केला, आमचं लाकडी स्टूल ओढलं आणि फ्रिजच्या दाराला पाठ लावून बसले. पंखा बंद, मे महिना, डोक्यावर तापलेला पत्रा. ते मफलर गुंडाळून बसून राहिले. आता हे दार मी सांगेन तेव्हा उघडणार, म्हणाले.

माझा नवरा आला. त्याचा गिरगावातला मित्र फोनवर सांगत होता की त्यांच्याकडे वीज आहे, सगळं घेऊन या. आजोबांनी मान हलवली. न्यायचं म्हटलं तरी उघडायला लागणार, टॅक्सीत ऊन, वाटेत सिग्नल. भरलेला फ्रीझर बंद राहिला तर दिवसभर, त्याहूनही जास्त, काही होत नाही. आणि तिकडे पोचल्यावर तिथलं दार कोण राखणार? हा शेवटचा मुद्दा त्यांना सगळ्यात महत्त्वाचा वाटत होता.

दुपारपर्यंत माझं डोकं भडकलं. मी आईकडे कागद मागितला. वीज कंपनीला पत्रक, खोदकामवाल्यांना पत्रक, नगरसेवकाला पत्रक. 'एका अशक्त बालिकेच्या जिवाशी चाललेला हा खेळ' इथवर मी लिहिलं होतं. आजोबा स्टुलावरून बघत होते.

"मग लिही," ते म्हणाले. "आता पाणी पी. ताप उतरूक होयो."

मी म्हटलं, आजोबा, काही झालं तरी माझ्या मुलीला डब्याचं दूध मी देऊ देणार नाही. मी लिहून दिलंय, फाटकावर उभं राहून वाटलंय. मी काय तोंड दाखवू?

ते हळूच म्हणाले, "चेडू तुझा आसा, पत्रकाचा नाय."

चेडू म्हणजे मुलगी. पत्रकांनी वाढवलेल्या मुलीला हे कुणी असं सांगितलं नव्हतं. ते पुढे इतकंच म्हणाले की माल राखायचा म्हणजे राखायचाच, जीव तोडून. पण नाहीच राहिला तर डॉक्टर देतील ते चेडवाच्या पोटात जाईल, आणि त्या दिवशी तू रडायचं नाही. हे आधी कबूल कर, मग मी इथे बसतो.

मी भिंतीकडे तोंड केलं आणि कबूल केलं.

वीज रात्रीही आली नाही. आईने त्यांना घरी जाऊन झोपायला सांगितलं तर ते म्हणाले, रातपाळी काय मला नवीन आहे? सकाळी मी उठले तेव्हा ते तसेच होते, पाठ दाराला, काठी मांडीवर. माझा ताप मात्र उतरला होता.

रविवारी सकाळी दोन बातम्या एकदम आल्या. केबलवाले म्हणाले, सोमवार उजाडेल. आणि हॉस्पिटलमधून फोन की आजच्या तीन पिशव्या अजून आल्या नाहीत. म्हणजे दार उघडणं आलंच. मी सिस्टरना विचारलं, वितळायला लागलं असेल तर काय? त्या स्पष्ट बोलल्या. आत बर्फाचे खडे दिसत असतील तर चालेल. पूर्ण पातळ झालं पण थंडगार असेल तर लगेच आणा, एका दिवसात वापरायचं, परत गोठवायचं नाही. कोमट लागलं तर टाकून द्या, वास घेत बसू नका.

"टाकून द्या" हे त्या किती सहज म्हणाल्या.

आजोबा उभे राहिले. पाय आखडले होते, दोन्ही हातांनी गुडघे चोळले. आणि मग मी त्यांना कामावर पाहिलं. चाळीतल्या सगळ्यांनी त्यांना म्हातारपणीच पाहिलं होतं. त्या सकाळी ते कारखान्यात होते.

रेखाकाकूंना त्यांनी पुन्हा मच्छीबाजारात पाठवलं. या वेळी बर्फ आणायचा, भरपूर, आणि थर्माकोलची मोठी पेटी. काकू म्हणाल्या, काल तर बर्फ गरम होता. ते म्हणाले, आज त्याला खाली उतरवूया. आईला जाडं मीठ आणायला लावलं, पाच किलो. बर्फ बारीक फोडला, पेटीत थर दिला, त्यावर मीठ, पुन्हा बर्फ, पुन्हा मीठ. मधोमध आमचा पिठाचा घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा धुऊन पुसून दाबून बसवला. मीठ घातलं की बर्फ पायऱ्या उतरायला लागतो, कारखान्यात लादी खाऱ्या पाण्यातच गोठायची. थोड्या वेळाने डब्याच्या अंगावर पांढरी बुरशी धरल्यासारखा हिमाचा थर आला. काकूंनी त्याला बोट लावलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "खरंच गो, हा वेगळा आहे." मीठ पिशव्यांना लागू नये म्हणून डब्याच्या झाकणाखाली त्यांनी प्लॅस्टिक ताणून बसवायला लावलं.

"आता कागद," आजोबा म्हणाले. "पेटीभोवती. चार बोटं जाड. भुसा नाय, तर कागद."

रद्दी दोनच दिवसांपूर्वी दिली होती. घरात गठ्ठे होते ते पलंगाखाली. माझ्या पत्रकांचा आणि बाबांचे. आई वाकून बाबांच्या गठ्ठ्याची सुतळी सोडायला लागली, तो वरचा होता.

"तो नको," ते एकदम म्हणाले. "बाबाचो नको. त्यात आमचो कागद आसा."

आईला ठाऊक होतं, मला नव्हतं. मी जन्मायच्या आधी बाबांनी बर्फ कारखान्यातल्या माणसांसाठी एक पत्रक लिहिलं होतं. एकच मागणी. हातमोजे द्या. उघड्या हातांनी लाद्या ओढून बोटं बधिर होतात, नखं काळी पडतात, हातमोजे द्या. ते पत्रक वाटल्यावर हातमोजे आले का? आई म्हणाली, आले. पाच वर्षांनी. तोवर यांची बोटं गेली होती.

गेली म्हणजे तुटली नाहीत. दिसायला दहाच्या दहा होती.

मी माझा गठ्ठा ओढून काढला. डब्याच्या दुधाविरुद्धचा. दोन्ही हातांनी पत्रकं चुरगाळून आम्ही पेटीभोवती कोंबली, वर घोंगडं. 'आम्ही तो स्वीकारणार नाही' हे वाक्य एका कोपऱ्यात उलटं दिसत होतं. आई म्हणाली, छापल्यापासून पहिल्यांदा कामाला आलं.

मग त्यांनी आम्हाला सराव करायला लावला. बंद दारासमोर. मी फ्रीझर उघडणार आणि पिशव्या काढणार, आई डब्याचं झाकण धरणार, नवरा आजच्या तीन वेगळ्या घेणार. कोण कुठे उभं राहणार, कुणाचा हात कुठून जाणार. तीनदा रिकाम्या हातांनी. एकदा आई आणि नवरा एकमेकांवर आपटले तेव्हा काकू हसल्या आणि आजोबांनी त्यांना गॅलरीत उभं केलं. चौथ्यांदा ते म्हणाले, "आता खरा."

मी दार उघडलं. गार वाफ चेहऱ्यावर आली. बाटल्या बाजूला, हात मधे. पहिली पिशवी हाताला लागली ती दाराजवळची, आणि ती मऊ होती.

"थांबू नको," मागून आवाज आला. "दाब आणि सांग. मऊ, की कडक?"

"मऊ. आत खडे आहेत."

"आजचो माल. बाजूक. पुढे."

दुसरी तशीच. तिसरी तशीच. चौथी माझ्या बोटांत दगडासारखी बसली. कडक, मी म्हटलं. कडक. कडक. प्रत्येक पिशवीला ते विचारत होते आणि मी सांगत होते, आणि माझा आवाज मोठा होत गेला, गॅलरीत काकू माझ्याबरोबर मोजायला लागल्या. एकोणीस कडक. तीन मऊ, बरोबर आजच्यापुरत्या. झाकण बसलं, घोंगडं पडलं, नवरा तीन पिशव्या घेऊन परळच्या दिशेने पळाला.

मी धापा टाकत आजोबांकडे वळले. ते डब्यापाशी उकिडवे बसले होते आणि डब्यावर उपडा तळहात ठेवला होता, हिमावर सरळ, काकूंना जिथे चटका बसला तिथे. मिनिटभर. हात हलला नाही. मग त्यांनी मान वर करून मला विचारलं, "थंड आसा मा गो?"

तेव्हा मला कळलं की त्यांनी एकाही पिशवीला स्वतः हात का लावला नव्हता. मी त्यांच्या शेजारी बसले, डब्याला बोट लावलं. "खूप थंड आहे, आजोबा."

वीज रविवारी संध्याकाळीच आली, सोमवारची वाट न बघता. सगळ्या चाळीने टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांनी एकदम आमच्या घराकडे धाव घेतली, पिशव्या आत ठेवायला. आजोबा पुन्हा स्टुलावर होते. आधी कपाट थंड होऊ दे, म्हणाले. फ्रिजला ते कपाट म्हणायचे. दर दोन तासांनी खारवलेला बर्फ उपसून नवा घालत राहिलो आणि सोमवारी सकाळी त्यांनी परवानगी दिली. एकोणीसच्या एकोणीस कडक. त्याच आठवड्यात माझं दूध परत आलं, आधी तळ झाकण्याएवढं, मग वाटीभर. ज्या दिवशी एकोणिसावी पिशवी गेली त्या दिवशी सिस्टरनी तिच्या नाकातली नळी काढली.

वीज कंपनीला पत्रक मी नंतर लिहिलंच. सोडलं नाही. खोदकामाआधी केबलची पाहणी करा, वीज जाणार असेल तर आजारी माणसं आणि तान्ही मुलं असलेल्या घरांना आधी कळवा. पण 'बालिकेच्या जिवाशी खेळ' हे वाक्य काढून टाकलं. उरलेलं चाळीतल्या सगळ्यांच्या सहीने गेलं. आजोबांनी अंगठा दिला. सही येत होती त्यांना, पण पेन बोटांत राहत नसे. डब्याच्या दुधाचं पत्रकही मी पुन्हा लिहिलं. कंपन्यांबद्दल एक शब्द मऊ केला नाही. आयांबद्दलचं शेवटचं वाक्य मात्र बदललं.

आता आजोबा नाहीत. चाळ पुनर्विकासाला गेली, आम्ही सगळे पांगलो. स्टूल माझ्याकडे आहे. त्यांच्याविषयी लिहायला बसले की मला ती शनिवार-रविवारची राखण आठवते, पण त्याहून जास्त तो दिवस आठवतो ज्या दिवशी मुलगी घरी आली.

दोन किलोची झाली होती. चाळ दाराशी लोटली, रेखाकाकूंनी ओवाळलं. आजोबा नेहमीसारखे मागे, मफलरमध्ये हात खुपसून. गर्दी ओसरल्यावर दारात आले, टोपडं आईकडे दिलं आणि जायला वळले. मी म्हटलं, आजोबा, हात द्या. ते म्हणाले, माझे हात थंड. मी ऐकलं नाही. त्यांचा उजवा हात ओढून काढला. नखं काळपट, बोटं सरळ, कातडी पायाच्या टाचेसारखी. दुपट्यातून तिचं पाऊल काढलं आणि त्या तळहातावर ठेवलं. ते श्वास धरून उभे राहिले. तिने पाय मागे घेतला नाही. बोटं उघडली आणि मिटली.

ते तिच्या पावलाकडे बघत होते, आपल्या हाताकडे बघत होते. मग फार हळू आवाजात मला विचारलं,

"गरम आसा काय गो?"

"हो आजोबा. छान गरम आहे."

त्यांनी मान डोलावली. पाऊल परत दुपट्यात घालेपर्यंत थांबले आणि काठी उचलली.

"मग दार लाव," ते म्हणाले. "वारो येता."